आप्पांनी परत मागवलेले शिंपले

लग्न होऊन मी निमोण्याला आले, त्याच आठवड्यात आप्पांनी माझ्या माहेरच्या हंड्यात खोट काढली. मी नळावरून पाणी घेऊन येत होते आणि ते त्यांच्या ओट्यावर बसले होते. ओळख ना पाळख. म्हणाले, "सूनबाई, त्या हंड्याचं बूड वाकडं हाय. दुकानदारानं फसवलं."

नवी नवरी काय बोलणार? पण घरात येऊन हंडा फरशीवर ठेवला, तर तो खरंच डुगडुगला. त्याआधी तो कधी डुगडुगलेला मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून मात्र रोज दिसायला लागला, आणि रोज मला आप्पांचा राग यायचा.

आप्पा आमचे शेजारी, आणि लांबच्या नात्यानं चुलत सासरे. शिक्रापूरच्या बाजूला एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. गाड्यांचे लोखंडी भाग तयार होऊन पट्ट्यावरून पुढे यायचे, त्यातला चांगला कुठला आणि टाकाऊ कुठला हे बघायचं त्यांचं काम. रिटायर होऊन ते गावी आले, पण पट्टा काही थांबला नाही. त्यावरून आता आम्ही सगळे जात होतो. गावात त्यांचं नाव पडलं क्यूसी आप्पा. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, हे निम्म्या गावाला माहीत नव्हतं. लांबून दिसला की रस्ता बदलावा असा माणूस, एवढा अर्थ सगळ्यांना कळत होता.

त्यांची बायको, मालनकाकू, गरीब गाय म्हणावी अशी अजिबात नव्हती. "भाकरी कडंला जाड झालीया," असं आप्पा म्हणाले, की त्या गरम तवाच त्यांच्यापुढं धरायच्या. "घ्या, तुम्ही पातळ करा." आप्पा तीच भाकरी मोडून खायचे. पण उठताना पुन्हा म्हणायचे, "एक भाकरी जाड निघाली म्हंजी बाकीच्यांवर पन संशय येतो. सॅम्पल फेल तर लॉट फेल."

माझी रोपवाटिका त्यांच्या कुंपणाला लागून आहे. मिरची, टोमॅटो, कोबी, झेंडू. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो, रोपांचं सगळं मी बघते, पिकअपही मीच चालवते. सकाळी शेतकरी रोपं न्यायला आले की आप्पा कुंपणापाशी हजर. ट्रे उचलायचा, डोळ्यांसमोर आडवा धरायचा आणि गिऱ्हाइकाच्या देखत म्हणायचं, "ह्या कोपऱ्यातली रोपं कोवळी हायेत. बदलून घ्या."

"आप्पा, तुम्ही माझे शेजारी हाय का वैरी?"

"शेजारी हाय म्हनून तर सांगतो. माल गेटच्या बाहेर गेला म्हंजी आपली जबाबदारी संपली, असं नसतंय."

हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की एके दिवशी ते त्यांच्याच अंगावर येईल ही आशाही मी सोडून दिली होती.

रिटायर झाल्यावर आप्पांनी शेततळ्यात मोती पिकवायचं मनावर घेतलं. कुठंतरी चार दिवसांचं शिक्षण घेऊन आले. नदीत मिळतात तसे शिंपले आणायचे, चिमट्यानं तोंड जरा उघडून आत छोटा साचा ठेवायचा, जाळीच्या पिशव्यांत भरून ते तळ्यात टांगायचे. वर्ष-दीड वर्षात शिंपला त्या साच्यावर चमकदार थर चढवतो. आप्पांनी गणपतीचे साचे आणले होते. तळ्यावर रिकाम्या बाटल्या तरंगायला लागल्या, आणि त्यांच्या खाली गणपती तयार होत आहेत हे ऐकून लोक बघायला यायला लागले.

पहिले शिंपले आप्पांनी घोड नदीतूनच वेचून आणले. लांबट, काळपट, जाड पाठीचे. आमच्याकडे कैरी सोलायला असल्याच शिंपल्याला मधे घासून भोक पाडतात. काकूंचा तसा एक जुना शिंपला होता, तो आप्पांनी स्वयंपाकघरातून उचलून नेला आणि तळ्यावरच्या खोपीत खिळ्याला टांगला. "हा मास्टर पीस. ह्याच्याशी जुळंल तेवढाच माल घ्यायचा." त्या वर्षी काकूंनी लोणचं घातलंच नाही. आप्पांनी का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मास्टरला विचारा."

पहिला माल निघाला तेव्हा नगरहून एक गिऱ्हाईक आलं होतं. आप्पांनी शिंपले उघडले, गणपती बाहेर काढले, ओळीनं कापडावर मांडले, आणि त्यांचा चेहरा उतरला. साचा उलटा उमटला होता. सगळ्या गणपतींची सोंड उजवीकडे.

गिऱ्हाईक खूश. "अहो, उजव्या सोंडेचा तर जास्तच मागतात."

"मागत्यात, पन पाळतंय कोन? उजव्या सोंडेला कडक सोवळं लागतं. लोकं गळ्यात घालून मटण खायला जातील. न्हाई द्यायचं."

"ते आमचं आम्ही बघू ना."

"तुमचं तुम्ही बघाल, पन माल माझा हाय."

आणि त्यांनी सगळा ढीग कापडात बांधून ठेवला. दीड वर्षाची मेहनत. काकू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी आप्पांना बोलायला गेले, तर ते नवे साचे मागवायला फोनवर बोलत होते, आणि पलीकडच्या माणसाला सोंडेची दिशा समजावून सांगत होते.

पुढच्या खेपेला त्यांनी तळ्यात मासेही सोडले. माशांची पिल्लं बाहेरच्या राज्यातून आली होती, प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून. काही महिन्यांनी तळ्याच्या गाळात नव्याच जातीचे शिंपले दिसायला लागले. गोल, हिरवट, पातळ पाठीचे आणि हे एवढे मोठे. कुठून आले ते कुणालाच कळेना. पण चिमट्याला दाद द्यायचे, मरायचे नाहीत, भराभर वाढायचे. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या तोंडून मी "एक नंबर" हा शब्द ऐकला. मला कुंपणापाशी बोलावून त्यांनी तो शिंपला माझ्या हातात ठेवला. "बघ. ह्याला म्हंत्यात क्वालिटी."

लोकांनीही ते ऐकलं. क्यूसी आप्पांनी पास केलेला माल म्हटल्यावर कोण मागे राहतो? निमोण्यातल्या तळ्यांत ते शिंपले गेले, इनामगावला गेले, खाली दौंडच्या बाजूला पाहुण्यारावळ्यांकडे गेले. न्यायला पिकअप माझीच होती.

दोन पावसाळे गेले. एका उन्हाळ्यात आप्पा ओढ्याच्या कडेनं चालले होते. तळ्यातलं पाणी बदलताना जुनं पाणी ते त्या ओढ्यालाच सोडायचे, आणि ओढा पुढे घोड नदीला मिळतो. आटलेल्या ओढ्याच्या चिखलात त्यांना ते गोल शिंपले दिसले. एकाला एक लागून, फरशी बसवल्यासारखे. आप्पा तसेच चालत नदीपर्यंत गेले. तिथं पूर्वी ज्या जागेवरून त्यांनी लांबट शिंपले वेचले होते, तिथं सगळे गोलच. लांबट होते ते मेलेले, तोंड उघडून पडलेले.

त्यांनी दोन्हींचे फोटो काढून मत्स्य कॉलेजातल्या एका सरांना पाठवले. सरांचा फोन आला तेव्हा मी काकूंकडे कोथिंबीर द्यायला गेले होते, म्हणून मला आप्पांच्याच बाजूचं ऐकू आलं. "व्हय... व्हय, मासे बाहेरनंच आनल्याले... बारकी पिल्लं माशाच्या कल्ल्याला चिकटून येत्यात? ... मंग पुढच्या नदीत पन माशांबरोबरच जानार... व्हय... मीच वाटल्यात."

फोन ठेवून ते तळ्याच्या बांधावर जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. काकू दोनदा हाक मारून आल्या. मला वाटलं, चला, माणूस आता जरा नरम पडेल. इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्या, आता स्वतःची निघाली, तर थोडं गप्प बसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आप्पांचा आवाज. "समद्यांना कळविन्यात येतं, की माझ्याकडनं नेल्याले गोल शिंपले खराब निघाल्यात. ही चूक माझी हाय. तळ्यातलं पानी कुनीबी ओढ्याला सोडू नका. शिंपले बाहेर काढा, मी घेऊन जाईन."

काकू ओट्यावर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लोक केलेली चोरी लपवत्यात. ह्यांनी भोंग्यावर सांगितली."

आणि मग सुरू झालं. माल परत मागवायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. आप्पा, मी आणि माझी पिकअप. मिरचीच्या रोपांचे ट्रे खाली उतरायचे आणि पिंपं वर चढायची. काही लोकांनी शिंपले काढून ठेवलेले असायचे, काही हसायचे. काही म्हणायचे, "आप्पा, आता मोती यायची वेळ झाली आन् तुम्ही शिंपलेच मागता?" पिंपांतून पाणी सांडून सगळी पिकअप वास मारायची. माझ्या नर्सरीत झेंडूचा ट्रे उचलला तरी मेलेल्या शिंपल्याचा वास यायचा. गिऱ्हाइकं नाक धरून उभी. परत आणलेला माल आप्पा ओढ्यापासून लांब, उंचावर नेऊन उन्हात वाळवायचे आणि खोल खड्ड्यात पुरायचे. पुरतानाही एकेक बघायचे. त्यात चुकून एखादा नदीचा लांबट निघाला, तर तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला. मी म्हणायचे, "आप्पा, सरसकट टाका, उशीर होतोय." ते म्हणायचे, "सरसकट पास केला तवाच तर ही वेळ आली."

स्वतःचं तळं त्यांनी सगळ्यात आधी रिकामं केलं होतं. त्यात नव्या साच्यांचे गणपती होते, डाव्या सोंडेचे, जवळजवळ तयार झालेले. ते न उघडताच पुरले.

सगळ्यात जास्त ताप झाला इनामगावच्या बाळासाहेबांचा. मोठे बागायतदार, नदीच्या अगदी काठावर भलंमोठं तळं. ते आप्पांना ओट्यावर बसवून चहा द्यायचे आणि शिंपले द्यायचे नाहीत.

"आप्पा, माल एक नंबर हाय असं कोन म्हनलं व्हतं?"

"मी."

"मंग? आता माझं तळं भरलंय, मोती चांगलं धरल्यात. नदीत गेलं तर गेलं. नदी काय माझ्या नावावर हाय?"

"नदी न्हाई. पन शिंपले माझ्या नावावर हायेत ना."

रोज सकाळी एसटीनं आप्पा इनामगावला जायचे आणि बाळासाहेबांच्या फाटकाशी बसायचे. भांडण नाही, घोषणा नाही. बसल्या बसल्या आत-बाहेर जाणारं जे दिसेल ते तपासायचे. कांद्याच्या गाडीला थांबवून सांगायचे, "वरचा थर चांगला, खालचा बघा." दूधवाल्याला सांगायचे, "कॅनचं झाकन सैल हाय." एकदा बाळासाहेबांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. फाटकाशी बसलेल्या आप्पांना त्यांनी घरातलेच वडीलधारे समजून नमस्कार केला. आप्पांनी मुलाला जवळ बसवून घेतलं. नोकरी कुठं, कायम हाय का कंत्राटी, शिफ्ट कुठली, कंपनीची बस हाय का, सगळं विचारलं. मुलाच्या हातातल्या बायोडेटात लिहिलं होतं एक, आणि आप्पांना त्यानं सांगितलं दुसरंच. आप्पा आत जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळासाहेब, पोरगा चांगला हाय, पन कागद आन् माल जुळत न्हाई."

स्थळ मोडलं. बाळासाहेब त्या दिवशी इतके चिडले, की दोन्ही हात जोडून ओरडले, "न्या! समदं तळं उपसून न्या! पन उद्या मला ह्या फाटकाशी दिसू नका!"

आम्ही पिंपं घेऊन गेलो. गडी लावून तळं उपसलं. पण त्याआधीच्या पावसात तळं भरून वाहिलं होतं; काठाखाली नदीत जाऊन आप्पांनी पाण्यात हात घातला, तर मुठीत आले ते गोलच. पिंपं भरली, दोर बांधला, गाठ तपासली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं कुठलं! महिनाभरानं त्यांनी नवीनच काढलं. नदीतले गोल वेचायचे आणि लांबट पुन्हा वसवायचे. इनामगावच्या वरच्या अंगाला एका डोहात जुने लांबट शिंपले अजून होते. पण त्यांना पाय रोवायला वाळू लागते, आणि वाळू तर वर्षानुवर्षं ट्रॅक्टरनं उचललेली. खाली नुसता खडक आणि चिखल. म्हणून आप्पांनी डोहाखालच्या उथळ जागी बारीक खडी आणि वाळू टाकून गादी करायचं ठरवलं. खडीसुद्धा त्यांना धारेची चालायची नाही. पिकअपमधून उतरवलेल्या ढिगातून ते अणकुचीदार दगड वेचून बाजूला टाकायचे.

पहिली गादी पहिल्याच पुरात गेली. दुसरीवरून वाळूवाल्यांचा ट्रॅक्टर गेला. तिसऱ्या वेळी खडी आणायला पिकअप मागायला आले तेव्हा माझा तोल गेला.

"आप्पा, नदी म्हंजी काय तुमच्या कारखान्याचा पट्टा हाय का? वरनं येतंय, खाली जातंय. आज तुम्ही पिंपभर वेचाल, उद्या तेवढेच येतील. गुडघं धरून चालता तुम्ही. काकू एकट्या जेवत्यात. कुनी सांगितलंय तुम्हाला?"

ते कुंपणाचा खांब धरून उभे राहिले. म्हणाले, "मला काय हौस हाय का, सूनबाई? थंड पान्यात उभं ऱ्हायलं की रातभर पाय ठनकत्यात. पन घरी बसलो तर दिसतंच ना मला ते. डोळं मिटलं की ओढ्यातली ती फरशी दिसती. त्यापरीस पान्यात बरं."

मी पिकअपची चावी दिली. दिली म्हणजे, चालवायला मीच गेले.

तिसरी गादी राहिली. डोहातले लांबट शिंपले आणून आप्पांनी तिथं एकेक हातानं बसवले, अर्धे वाळूत, तोंड वर. दर आठवड्याला जाऊन गोल वेचायचे, चिखल बाजूला सारायचा. गावातले लोक हळूहळू हसायचे थांबले. पटलं म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. एका उन्हाळ्यात पाणी कमी झालं तेव्हा आप्पांनी मला हाक मारली. त्यांच्या तळहातावर दोन शिंपले होते, नखाएवढे, लांबट. ते त्यांनी आणून ठेवलेले नव्हते. तिथंच झाले होते.

मला इतका आनंद झाला, की मी काकूंना फोन लावला. पलीकडून काकू म्हणाल्या, "त्यांना विचार, पास का?"

मी विचारलं. आप्पा डोळे बारीक करून बघत होते. "दोनच हायेत. दोनावर लॉट पास होत न्हाई." पण ते त्यांनी अलगद वाळूत परत ठेवले. ठेवल्यावरही बराच वेळ त्यांनी तळहात त्यांच्यावर आडवा धरला होता, पाण्याची धार लागू नये म्हणून.

आप्पा त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. झोपेत. काकूंनी हलवून उठवलं तर उठले नाहीत. त्यांच्या मागे गादीकडे कोण बघणार, हा प्रश्न होता. काकूंनी तो माझ्याकडे बघून सोडवला. अजून महिन्यातून एकदा जावं लागतं. वैताग आहे.

मी त्यांना शेवटचं धडपणे बघितलं ते जायच्या थोडे दिवस आधी, दौंडला. भीमेकाठच्या एका गावात कोबीची रोपं पोचवून मी दौंडच्या पुलावरून येत होते. मधे एक ट्रक बंद पडल्यामुळं गाड्यांची रांग लागली होती. खाली नदीकडे बघितलं, तर गुडघाभर पाण्यात एक माणूस वाकून उभा. विजार वर खोवलेली, खांद्याला नायलॉनची पिशवी. आप्पाच. सकाळी घरून कुणाला न सांगता एसटीनं आले असणार. घोड नदीतून भीमेत येऊन आपले शिंपले इथपर्यंत पोचलेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, नाहीतर त्यांचं त्यांनीच ताडलं असेल.

मी काच खाली करून जोरात हाक मारली. "आप्पा! चला, गाडीत बसा, घरी जाऊ!"

त्यांनी वर बघितलं नाही. पाण्यातून एक शिंपला काढला, धुतला, पिशवीत टाकला. दुसरा काढला, पिशवीत टाकला. तिसरा काढला, तो लांबट होता, आणि उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघत राहिले. मी हॉर्न दिला. मागच्या गाड्यांनीही द्यायला सुरुवात केली, कारण पुढचा ट्रक हलला होता. आप्पांनी माझ्याकडे न बघताच मोकळा हात वर केला. थांब, म्हणून. मग खाली वाकून तो शिंपला जिथून काढला होता तिथंच, दोन्ही हातांनी, सरळ करून बसवला.

मागचा ड्रायव्हर ओरडायला लागला होता. मी गियर टाकला.